भरती-ओहोटीवर वीज : कोकणच्या खाड्यांत खरंच किती दम आहे?

कर्वेनगर (पुणे) : कर्वेनगर, वारजे, कोथरूड भागातल्या कितीतरी घरांचं मूळ गाव कोकणात आहे. गणपतीला किंवा शिमग्याला गाडी ताम्हिणी नाहीतर वरंधा घाट उतरते आणि खाडीकाठी उभं राहिल्यावर पोरं एक प्रश्न हमखास विचारतात. सकाळी चिखलात रुतलेली होडी दुपारी पाण्यावर डुलत असते. एवढं पाणी रोज दोनदा आत येतं, दोनदा बाहेर जातं. कोळसा नको, डिझेल नको. मग यावर वीज का करत नाहीत?

प्रश्न रास्त आहे. अशी वीज तयार होते आणि फ्रान्समध्ये तर १९६६ पासून होते आहे. आपल्याकडे ती का झाली नाही, याचं उत्तर बरंचसं साध्या गणितात सापडतं. ते गणित गावातल्या कुणालाही मोबाईलवर करता येईल असं आहे. उद्या खाडीवर असा प्रकल्प आणायचा प्रस्ताव आला, तर ग्रामसभेत काय विचारायचं तेही त्यातूनच कळतं.

भरती, ओहोटी, उधाण आणि भांग

चंद्र आणि सूर्य यांच्या ओढीमुळे समुद्राचं पाणी वर-खाली होतं. कोकण किनाऱ्यावर साधारण १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा भरती येते, म्हणून रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा असते. जुन्या लोकांचा ठोकताळा सोपा आहे : तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी, तो भांग. विजेच्या हिशेबात हा फरक फार महत्त्वाचा आहे. मुंबईत अपोलो बंदराच्या आकड्यांनुसार उधाणाची सरासरी भरती ४.४२ मीटरवर आणि ओहोटी ०.७६ मीटरवर असते. म्हणजे चढउतार ३.६६ मीटर. भांगाला हेच आकडे ३.३० आणि १.८६ मीटर, म्हणजे चढउतार फक्त १.४४ मीटर.

किनाऱ्यावर दक्षिणेकडे जाऊ तसा हा चढउतार आणखी घटतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात उधाणालासुद्धा तो साधारण दोन मीटरच्या आसपास असतो. उलट उत्तरेला गुजरातमध्ये खंभातच्या आखातात तो जास्तीत जास्त ११ मीटरपर्यंत जातो. आखाताचा आकार नरसाळ्यासारखा आणि समुद्रतळ लांबवर उथळ असल्यामुळे तिथं पाणी दाटतं आणि चढतं. कोकणच्या समोर, विशेषतः दक्षिणेकडे, हा उथळ पट्टा अरुंद होत जातो.

वीज करायच्या दोन पद्धती

पहिली पद्धत बंधाऱ्याची. खाडीच्या तोंडावर बंधारा घालायचा, त्यात दारं आणि टर्बाइन बसवायची. भरतीला दारं उघडी ठेवून पाणी आत घ्यायचं, मग दारं बंद करायची. बाहेर ओहोटी लागून समुद्र खाली गेला की आतलं पाणी टर्बाइनमधून सोडायचं. खारभूमीच्या बांधाची उघाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच समजेल. फरक इतकाच की उघाडी खारं पाणी बाहेर ठेवते, आणि इथं तेच पाणी मुद्दाम आत कोंडायचं.

दुसरी पद्धत प्रवाहाची. बंधारा न घालता वाहत्या पाण्यात पवनचक्कीसारखी पाती बसवायची. आपले मच्छीमार डोलजाळं लावतात तेही याच प्रवाहाच्या जोरावर. भरती-ओहोटीचा ओढ जाळं ताणून धरतो, मासळी आपोआप आत येते.

लाटांवरची वीज हा यापेक्षा वेगळा प्रकार. लाट वाऱ्याने तयार होते, भरती चंद्र-सूर्याच्या ओढीने. बातम्यांमध्ये दोन्हींची बऱ्याचदा सरमिसळ होते, ती ओळखून वाचावं.

सगळा खेळ उंचीचा

मुळशी, मावळच्या लोकांना पाण्यावरची वीज नवीन नाही. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली भिऱ्याला उतरवून तिथं शंभर वर्षांच्या आसपास वीज तयार होते आहे. त्या पाण्याला मिळणारा उतार सुमारे ५०० मीटरचा आहे. कोयनेचं पाणीही असंच पश्चिमेला कोकणात उतरवलं जातं आणि त्या प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे.

आता तुलना करू. गळती आणि यंत्राची घट सोडून दिली, तर ५०० मीटरवरून पडणाऱ्या पाण्यातून एक युनिट वीज काढायला सुमारे ७३५ लिटर पाणी लागतं. म्हणजे २०० लिटरची चार पिंपंही पूर्ण भरावी लागत नाहीत. तेच पाणी फक्त दोन मीटरवरून पडलं, तर त्याच एका युनिटला सुमारे १ लाख ८३ हजार लिटर लागतात. दहा हजार लिटरचे अठरा टँकर! समुद्रात पाणी भरपूर आहे हे खरं, पण त्याला उंची नाही. एवढं पाणी कोंडायला, वळवायला आणि सोडायला जे बांधकाम लागतं, खर्च तिथं होतो.

बंधारा पद्धतीचं गणित एका ओळीत सांगता येतं. एक चौरस किलोमीटर पाण्यात एका भरतीमागे साधारण १,४०० गुणिले चढउतार गुणिले चढउतार इतकी युनिट ऊर्जा साठते. चढउतार दोनदा गुणायचा, ही यातली खरी मेख. चढउतार निम्मा झाला की वीज पाव होते. वर्षात सुमारे ७०५ भरत्या येतात. आणि साठलेल्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांशच प्रत्यक्ष तारेत येते.

हा हिशेब जगातल्या जुन्या प्रकल्पावर पडताळता येतो. फ्रान्समधल्या रान्स नदीच्या मुखावर सुमारे २२ चौरस किलोमीटर पाणी कोंडलं जातं आणि सरासरी चढउतार आठ मीटरच्या आसपास आहे. सूत्राने वर्षाला सुमारे १३९ कोटी युनिट येतात. प्रत्यक्षात तिथं ५० कोटी युनिटच्या आसपास वीज होते, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त.

कोकणचा हिशेब

समजा, पाच चौरस किलोमीटर पाणी मावेल अशी एखादी खाडी बंधारा घालून अडवली.

मुंबईसारखा चढउतार असेल तर उधाण आणि भांग दोन्ही धरून वर्षाला साधारण १ कोटी २७ लाख युनिट मिळतील.

दक्षिण कोकणात महिन्याचा सरासरी चढउतार दीड मीटर धरला तर वर्षाला साधारण ३७ लाख युनिट. तेही यंत्रं उत्तम चालली तर. इतक्या कमी उंचीवर तिसरा हिस्सा हाती लागणंही अवघड असतं.

महिन्याला १०० युनिट वापरणारं घर धरलं, तर ३७ लाख युनिटवर सुमारे तीन हजार घरं चालतील. ऐकायला हे बरं वाटतं. पण महाराष्ट्रात एक मेगावॅटचा सौर प्रकल्प वर्षाला साधारण १५ लाख युनिट देतो आणि त्याला चार ते पाच एकर जागा लागते. म्हणजे ३७ लाख युनिटसाठी अडीच मेगावॅट सौर, दहा-बारा एकर कातळ पुरेसा आहे. पाच चौरस किलोमीटर म्हणजे १,२३५ एकर खाडी. दहा-बारा एकर पडीक कातळावर जी वीज होते, त्यासाठी बाराशे एकर जिवंत खाडी अडवायची का, असा हा सौदा आहे.

भरतीच्या विजेची एक बाजू मात्र भक्कम आहे. ढग आले, वारा पडला तरी भरती चुकत नाही. पुढच्या वर्षी कुठल्या दिवशी किती वाजता किती वीज होईल, हे आज सांगता येतं. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरतीची कोष्टकं आधीच छापतो. पण ही वीज लोकांच्या गरजेच्या वेळी येईलच असं नाही. रोज ५० मिनिटं पुढे सरकणारी भरती कधी संध्याकाळी सातला साथ देते, तर कधी पहाटे तीनला. आणि भांगाच्या दिवसांत वीज फारच कमी होते.

जगात कुठं चाललं, कुठं थांबलं

रान्स प्रकल्पाची क्षमता २४० मेगावॅट आहे. तो यशस्वी झाला, पण बांधकामाच्या काळात सुमारे तीन वर्षं खाडी समुद्रापासून पूर्ण तोडली गेली होती. त्यात तिथल्या जीवसृष्टीचं मोठं नुकसान झालं आणि ती सावरायला अनेक वर्षं गेली.

दक्षिण कोरियात सिहवा इथं २०११ मध्ये २५४ मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला. तिथली गोष्ट वेगळी. समुद्राची भिंत आधीच, १९९४ मध्ये घालून झाली होती आणि आतलं पाणी तुंबून सडलं होतं. वीज प्रकल्पाच्या निमित्ताने समुद्राचं पाणी पुन्हा आत-बाहेर होऊ लागलं आणि पाणी सुधारलं. आधीच्या बांधकामाचा उपयोग झाल्यामुळे हा प्रकल्प परवडला.

कॅनडात अ‍ॅनापोलिस इथं १९८४ पासून २० मेगावॅटचं केंद्र होतं. टर्बाइनमधून जाताना मासे मरतात हा आक्षेप आणि यंत्रातला बिघाड, यानंतर २०१९ मध्ये ते बंद पडलं. ब्रिटनमध्ये स्वान्सी उपसागरातल्या ३२० मेगावॅटच्या योजनेला सरकारने २०१८ मध्ये खर्चाच्या कारणावरून नकार दिला. आणि ब्रिटनमधला चढउतार आपल्या कोकणाच्या कितीतरी पट आहे.

बंधारा पद्धत परवडायला सरासरी पाच मीटरच्या वर चढउतार हवा, असा जगभरचा ठोकताळा आहे. कोकणातली एकही खाडी त्याच्या जवळपास येत नाही.

भारतात काय झालं

भारतात मोठ्या आशेच्या जागा दोन आणि दोन्ही गुजरातमध्ये. खंभातच्या आखातात सरासरी चढउतार ६.७७ मीटर आणि कच्छच्या आखातात ५.२३ मीटर सांगितला जातो. तिसरी जागा बंगालचं सुंदरबन, तिथं सरासरी २.९७ मीटर. २०१४ च्या एका अभ्यासात देशाची भरती-ऊर्जेची क्षमता १२,४५५ मेगावॅट इतकी धरली गेली.

हा कागदावरचा आकडा. प्रत्यक्षात देशात अजून एकही मोठं भरती-वीज केंद्र उभं राहिलेलं नाही. सुंदरबनात दुर्गादुआनी खाडीवर ३.७५ मेगावॅटचा छोटा प्रकल्प मंजूर झाला होता. निविदेत मेगावॅटमागे ६३ कोटींच्या पुढे खर्च निघाला आणि तो सोडून द्यावा लागला. सौर प्रकल्पाला मेगावॅटमागे साधारण चार-पाच कोटी लागतात. कच्छमध्ये ५० मेगावॅटची योजना २०११ च्या सुमारास गाजली, तीही खर्चावरच अडली. खंभातमध्ये आणखी एक अडचण आहे. नर्मदा, तापी, मही, साबरमती या नद्या तिथं प्रचंड गाळ आणतात.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये भरती, लाटा आणि समुद्राच्या उष्णतेवरच्या विजेला अपारंपरिक ऊर्जेचा दर्जा स्पष्टपणे दिला. त्यामुळे कागदोपत्री वाट मोकळी आहे. खर्चाचा डोंगर मात्र जागच्या जागी आहे.

खाडीला काय मोजावं लागेल

खाडी ही रिकामी जागा नसते. बोय, जिताडा, खेकडे, तिसऱ्या, कालवं हे सगळं भरतीच्या येण्या-जाण्यावर जगतं. कालवं काढणाऱ्या बाया ओहोटीची वेळ बघूनच घराबाहेर पडतात. बंधारा झाला की आतलं पाणी पहिल्यासारखं उतरत नाही. ओहोटीला उघडी पडणारी जमीन कमी होते आणि रोजी तिथंच बुडते.

कांदळवनाचंही तसंच. त्याला रोज भिजायला आणि रोज उघडं पडायला लागतं. कायदाही कडक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभर कांदळवन तोडायला बंदी घातली, आणि किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत कांदळवन सर्वांत संवेदनशील गटात येतं.

तिसरी गोष्ट पुराची. कोयनेची वीज करून झालेलं पाणी वाशिष्ठीत येतं आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळतं. वाशिष्ठीत भरतीचं पाणी चिपळूणजवळ गोवळकोटपर्यंत चढतं. जुलै २०२१ चा पूर चिपळूणकर विसरलेले नाहीत. नदी फुगलेली असताना खाली भरती असली की पाणी ओसरायला वेळ लागतो, हे काठावरच्या माणसाला सांगावं लागत नाही. अशा नदीच्या तोंडावर कायमचं बांधकाम करायचं तर पुराला वाट किती उरते, हा पहिला प्रश्न असला पाहिजे.

चौथा प्रश्न खारभूमीचा. आतल्या पाण्याची पातळी वर राहिली तर खारबांधावर दाब वाढतो, मिठाचं पाणी शेतात आणि विहिरीत झिरपायची भीती असते. शिवाय होड्यांना समुद्रात जायची वाट आणि बंधाऱ्यामागे साचणारा गाळ हे प्रश्न आहेतच.

मग काहीच उपयोग नाही का?

प्रवाहावरच्या यंत्रांना बंधारा लागत नाही, म्हणून नुकसान कमी. स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रतळावर बसवलेली दीड-दीड मेगावॅटची चार यंत्रं वीज देतात. पण तिथला प्रवाह अतिशय वेगवान आहे. इथं गणित वेगाच्या घनाचं चालतं. सेकंदाला एक मीटर वेगाच्या पाण्यात चौरस मीटरमागे सुमारे ५०० वॅट ताकद असते. वेग अडीच मीटर झाला की ती ८,००० वॅटवर जाते. वेग अडीचपट झाला की ताकद जवळजवळ सोळापट होते! म्हणून खाडीच्या अरुंद तोंडाशी महिनाभर वेग मोजल्याशिवाय कुणीही आकडा सांगू नये आणि कुणी सांगितला तर मानू नये.

असं मोजायचं ज्ञान मात्र घराजवळ आहे. कर्वेनगरपासून दहा-बारा किलोमीटरवर खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. १९१६ पासूनची ही संस्था. समुद्रापासून शंभर किलोमीटर दूर, डोंगराच्या कुशीत, इथं बंदरांच्या आणि खाड्यांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांत भरती-ओहोटी घडवली जाते. गाळ कुठं बसेल, प्रवाह कुठं वळेल हे बांधकामाआधी पाहिलं जातं. खाडीत पहिला दगड पडण्याआधी असा अभ्यास होणं, हीच गावाची खरी राखण.

आणखी एक शक्यता सिहवासारखी. जिथं बांध, उघाडी किंवा बंदराची भिंत आधीच आहे, तिथं छोटं यंत्र बसवून दिवे, पाणी मोजायची उपकरणं किंवा जेट्टीवरचे छोटे पंप चालवता येतील का, हे तपासण्यासारखं आहे. त्यातून गावाला वीज पुरणार नाही, पण खाडीचंही काही बिघडणार नाही.

प्रस्ताव आला तर ग्रामसभेत विचारायचे प्रश्न

• चढउतार किती धरला आहे? फक्त उधाणाचा की भांग धरून वर्षभराचा?

• मोजणी याच खाडीत केली की मुंबईचे किंवा गुजरातचे आकडे वापरले?

• मेगावॅट सांगू नका, वर्षाला किती युनिट ते सांगा. युनिट कितीला पडेल?

• तेवढीच वीज सौर पॅनेलवर करायला किती जागा आणि किती पैसे लागतील?

• पुराच्या वेळी दारं कोण उघडणार, आणि ती अडकली तर काय?

• बांधकाम चालू असताना खाडी किती महिने बंद राहणार? तेवढ्या काळात मच्छीमारांची, कालवं काढणाऱ्यांची भरपाई कशी?

• कांदळवन आणि किनारा नियमनाची परवानगी हातात आहे की अर्जच केला आहे?

• वीस वर्षांनी यंत्रं बंद पडली तर बंधारा काढणार कोण?

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं आकड्यांत मिळाली, तर वर दिलेल्या सूत्राने तिथल्या तिथे पडताळा घेता येतो. चढउतार गुणिले चढउतार, गुणिले १,४००, गुणिले चौरस किलोमीटर, गुणिले ७०५ आणि त्याचा तिसरा हिस्सा. समोरच्याचा आकडा याच्या दुप्पट-तिप्पट निघाला, तर सही करण्याआधी त्याला पुन्हा हिशेब मांडायला लावावा.